घोर कुणाचा

प्रिय उन्नतीताई,

फोनवर बाबाचं नाव निघालं की तू "ठेवते रे, कुकर लागलाय" बोलतेस आणि ठेवतेस. सिन्नरला तुझ्याकडे दिवसातून किती वेळा डाळ शिजते ते देवालाच माहीत. म्हणून हे पत्र. कागद तू मध्येच बाजूला ठेवलास तरी तो तिथेच पडून राहणार, आणि भांडी झाल्यावर हात पुसताना कधीतरी नजर जाणारच. पत्ता रघूकाकांकडून घेतला. तुझ्या सासऱ्यांना पिनकोडसकट तोंडपाठ आहे. मला तर आपल्या टेमघरच्या घराचा पिनकोड विचारला तरी मी आईकडे बघतो.

शुद्धलेखन बघू नकोस. बारावी सोडल्यापासून मी पेन धरलं ते ट्रकच्या चलनावर सही मारायला. आणि माझं तुला माहीत आहे, एका वाटेनं निघालो की दुसरीवर वळतो. वेरावळला मासळीच्या गाडीवर क्लीनर म्हणून गेलो तो भुजला तंबू ठोकायला राहिलो, तिथून कुणाच्या तरी मागे हुबळीला. तिथे एका खानावळीत भाकऱ्या मोजायचं काम होतं, म्हणजे खाणाऱ्यांनी किती घेतल्या ते बघायचं. पण ते राहू दे. सांगायचं हे की मी सध्या घरी आहे. आपल्या चुलत भाविकच्या हळदीला दोन दिवसांसाठी आलो होतो. अजून आहे. बॅग कोपऱ्यात आहे, आईने तिच्यावर धुतलेल्या चादरी रचल्यात.

ताई, मला बाबाच्या साखरेबद्दल लिहायचंय. पान उलटू नकोस.

तू भूपेशदाजींशी लग्न करून गेलीस आणि महिन्याभरात बाबाची साखर निघाली. आपल्याच गाळ्यात माल चढवणाऱ्या रघूचा पोरगा जावई झाला, यापेक्षा ही बातमी नातेवाइकांना जास्त चविष्ट लागली. सगळ्यांनी ती साखर तुझ्या नावावर टाकली. "पोरीच्या घोराने केसरीनाथला साखर लागली." हे वाक्य आपल्या लोकांत लग्नाच्या आमंत्रणासारखं घरोघरी गेलं, आणि फिरत फिरत तुझ्यापर्यंतही पोचलं, हे मला अलीकडे सार्थकदादाच्या रंजितावहिनीने सांगितलं. मला तोवर वाटायचं, बाबा "उंबऱ्यात पाय ठेवू नको" बोलला म्हणून तू येत नाहीस. पण बाबाचं ऐकणारी तू कधी होतीस? तू येत नव्हतीस कारण तुला वाटत होतं, आपल्यामुळे माणूस आजारी पडला, आता तोंड दाखवलं तर आणखी पडेल. इतकी वर्षं हे घेऊन तू स्वयंपाक केलास, नोकरी केलीस, माझ्याशी फोनवर हसलीस. मला कधी कळलं नाही.

तर आता क्रमाने लिहितो, जमेल तसं.

भाविकच्या हळदीला आलो तेव्हा बाबाला बघून मी दचकलो. वजन वाढलेलं, मान खांद्यात गेलेली, चेहरा कायम सुजल्यासारखा. हळदीला डीजे किती मोठा असतो तुला माहीत आहे, मांडवातल्या खुर्च्या थरथरतात. त्या डीजेच्या भोंग्यासमोर पहिल्या रांगेत बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत गाढ झोपला होता. तोंड उघडं, हनुवटी छातीवर. पोरं त्याच्यासोबत फोटो काढत होती. कुणीतरी बोललं, केसरीशेठला डीजे अंगाईसारखा लागतो, आणि सगळे हसले. मीही हसलो. आई हसली नाही. ती त्याच्या पुढ्यातली जिलेबीची डिश उचलत होती, जी त्याने मागितलेलीच नव्हती.

घरात तेव्हा असा पहारा चालू होता. गोळ्या वाढल्या, इंजेक्शन सुरू झालं, भात बंद, बटाटा बंद, तरी साखर खाली येईना. मग एकच अर्थ निघाला, बाबा चोरून खातो. आईने फ्रिजला कुलूप लावलं, खरंच, सायकलची साखळी घालून. गुणाआत्या, म्हणजे बाबाची आत्या असली तरी तुझीमाझीही आत्याच, हल्ली इथेच असते, ती त्याच्या सदऱ्याचे खिसे धुवायला टाकण्याआधी हुंगायची. मी आल्यावर संशय माझ्यावर आला, की हाच बाहेरून पेढे पुरवतो. बाबा एकदाच बोलला, "मी खाल्लं असतं तर निदान तोंड तरी गोड झालं असतं." आणि उठून गाळ्यावर गेला.

गाळ्यावरच तो पडला. ते रघूकाकांनी तुला सांगितलंच असेल, पण पूर्ण सांगितलं नसेल, त्यांचा स्वभाव तसा नाही. बाबा स्कूटरवरून गेटपर्यंत आला, पाय खाली टेकवला, आणि गेट उघडेपर्यंत जो वेळ लागतो तेवढ्यात त्याला झोप लागली. भर दुपारी, उन्हात, चालू स्कूटरवर. गाडी कलंडली, त्याचा पाय खाली आला. रघूकाका तिथे ताडपत्री बांधत होते. त्यांनी उचललं, रिक्षात घातलं, घरी आणलं. तू गेल्यापासून ही दोन माणसं एका आवारात असून एकमेकांकडे बघत नाहीत. त्या दिवशीही बोलली नाहीत. पण रिक्षातून उतरताना रघूकाकांनी काखेत हात घातला तो बाबाने झटकला नाही. मी दारात उभा होतो म्हणून सांगतो.

पायाच्या अंगठ्याला जखम झाली. एवढीशी. साखरेच्या माणसाची एवढीशी जखम काय असते ते आपण शेजारीपाजारी बघितलंय. ती भरेना. कडा काळ्या पडायला लागल्या. जखमेचे डॉक्टर बोलले, साखर आटोक्यात आणा, नाहीतर अंगठा जाईल, आणि अंगठ्यावर भागलं तर नशीब समजा. म्हणून मी थांबलो, ताई. मला कुणी थांब बोललं नाही. बॅग उचलायला जायचो आणि ड्रेसिंगची वेळ व्हायची.

आता शुक्रवारचं. तुला आठवत असेल, मागच्या गल्लीतले कापडाचे लूम बाकी दिवस थांबत नाहीत, घराच्या भिंतीतच एक ठकठक बसलीय. पाहुणा आला की ओरडून बोलतो, आणि आपल्याला कळतच नाही तो का ओरडतोय. शुक्रवारी लूम बंद. तशा एका शुक्रवारी दुपारी जेवून बाबा आतल्या खोलीत आडवा झाला आणि मी बाहेर झोपाळ्यावर. बाबाचं घोरणं सुरू झालं. घोरतो हे काय नवीन नाही, पण लुमाच्या आवाजात ते कधी नीट ऐकलं नव्हतं. काय तो आवाज. मला मजा वाटली, मी मोबाइल दाराशी ठेवून रेकॉर्ड केलं आणि आपल्या घरच्या ग्रुपवर टाकलं. तू ग्रुप सोडलास म्हणून तुला नाही आलं. आपल्या चुलत सार्थकदादाने लगेच लिहिलं, काकांचा ट्रॅक्टर जोरात आहे. भाविकची नवी बायको मृणाली, तिनेसुद्धा हसण्याचं चित्र टाकलं, सासरी येऊन महिना नाही झाला.

मग सार्थकदादाची बायको, आपली रंजितावहिनी, तिचा फोन आला. ती ठाण्याला दवाखान्यात नर्स आहे, तू ओळखतेसच, उगाच बोलणारी नाही. ती हसत नव्हती. तिने विचारलं, ट्रॅक्टर मध्ये मध्ये बंद का पडतो? मी परत लावून ऐकलं. खरंच. घोरणं चढत जातं, चढत जातं, आणि एकदम काहीच नाही. पंख्याचा आवाज तेवढा. मी आधी ऐकताना त्या जागा सोडून दिल्या होत्या, माणूस गाण्यात नाही का मधली शांतता सोडून देत, तशा. आता ऐकायला लागलो तर ती शांतता संपेना. मग एक घशातून ओढल्यासारखा हिसका, पाण्यातून डोकं बाहेर काढल्यासारखा, आणि पुन्हा ट्रॅक्टर. असं सारखं. आपण लुमाच्या गल्लीत राहतो ना ताई, आपल्या कानाला आवाजाची सवय. आवाज आहे म्हणजे सगळं चाललंय, असं आपण धरून चालतो.

वहिनीने कल्याणच्या एका छातीच्या डॉक्टरबाईंची वेळ घेऊन दिली. बाबा येईना. दुखतं पायाला आणि दाखवायचं छातीला, हे कुठलं शास्त्र, असं त्याचं. शेवटी आईने शपथ घातली. बाईंनी रेकॉर्डिंग ऐकलं, गळ्याचा घेर मोजला, आणि एक छोटं यंत्र दिलं, ते छातीला पट्ट्याने बांधून आणि बोटाला चिमटा लावून झोपायचं. दुसऱ्या दिवशी त्याचा कागद आला. तासाला किती वेळा श्वास थांबतो तो आकडा मी इथे लिहीत नाही. आईने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

बाईंनी फार सोपं करून सांगितलं. झोपेत गळ्याचं मांस सैल पडतं आणि हवेची वाट मिटते. छाती ओढत राहते पण आत काही जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू घाबरून हिसका देतो, माणूस अर्धवट जागा होतो, दोन श्वास घेतो, परत तेच. त्याला सकाळी काही आठवत नाही, फक्त अंग मोडून आलेलं असतं, डोकं दुखतं, आणि दिवसा बसल्या जागी डोळे मिटतात. मी विचारलं, याचा साखरेशी काय संबंध. त्या बोलल्या, प्रत्येक वेळी शरीराला वाटतं जिवावर बेतलंय. जिवावर बेतलं की पळायला ताकद लागते, म्हणून साठवलेली साखर रक्तात सोडली जाते. पण पळणार कोण, माणूस तर झोपलाय. ती साखर तशीच फिरते. रोज असं झालं की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. दिवसा गोळ्या साखर उतरवतात आणि झोपेत ती परत चढते.

बाबा इतका वेळ भिंतीवरचं फुप्फुसाचं चित्र बघत होता. तो एकदम बोलला, "म्हणजे मी रोज बुडतोय काय?" खाडीकाठचा माणूस तो, लहानपणी त्याने दोन जणांना पाण्यातून ओढून काढलंय. बाई बोलल्या, "हो. आणि रोज स्वतःच वर येताय. थकणार नाही का?" बाबाने मान खाली घातली. त्याला कुणीतरी पहिल्यांदाच थकलास का विचारलं होतं. आपण सगळे त्याला काय खाल्लंस एवढंच विचारत होतो.

आता जे लिहितोय त्यासाठी तू खाली बस. बाईंनी आईला विचारलं, हे केव्हापासून घोरतात? आई पदर सावरून बोलली, "पोरगी गेली तवापासून घोर हाय ना." बाई लिहीत होत्या, त्या थांबल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, मुलगी जायच्या आधी घोरत नव्हते? आई गोंधळली. बोलली, "घोरायचा तर माझं लगीन झालं तवापासून. तुमी जिवाचा घोर विचारताव ना?"

ताई, मी तिथे स्टुलावर बसलो होतो आणि माझ्या डोक्यात एकदम सगळं फिरलं. पहिल्यांदा साखर निघाली तेव्हा टेमघरच्या डॉक्टरनेही हेच विचारलं होतं, आणि आईने हेच सांगितलं होतं. घोर आहे. त्यांनी लिहिलं, ताण आहे. आणि झोप लागावी म्हणून गोळी दिली, ती बाबा इतकी वर्षं घेत होता. कल्याणच्या बाईंनी ती गोळी बघितली आणि कपाळाला हात लावला, कारण त्या गोळीने गळा आणखी सैल पडतो. त्यांनी एकदम सोडायला सांगितली नाही, हळूहळू कमी करून बंद केली.

घरी आल्यावर मी गुणाआत्याला धरलं. कारण मला आठवत होतं, "केसरीला घोर लागलाय" हे वाक्य पहिल्यांदा ओटीवर बसून तिनेच टाकलं होतं. तू गेल्यावर आठ-पंधरा दिवस ती आपल्याकडे राहायला आली होती, बाबाच्या शेजारच्या खोलीत झोपायची. मी विचारलं, आत्या, तू तेव्हा पोरीचा घोर का बोललीस? म्हातारी अशी उसळली. "मी पोरीचं नाव कवा घेतलं? मी बोलली त्याला घोर लागतो, म्हशीसारका, मना झोप न्हाय. तुमीच आपला वेगला घोर लावून बसलाव." आणि वर मलाच विचारते, मग इतकी वर्षं तुम्ही काय समजत होतात? तिच्या वेळच्या बायका घोरण्यालाही घोर लागणं बोलतात. शेजारणीने ऐकलं घोर, तू नुकतीच गेलेली, तिने काळजीचा घोर केला. तो पुढच्या घरी जाईपर्यंत पोरीचा घोर झाला. त्यापुढच्या घरी साखर झाली. गुणाआत्याची झोपमोड झाली होती, ताई. एवढंच होतं ते. बाबा म्हशीसारखा घोरतो आणि मला झोप नाही, एवढंच म्हातारीला सांगायचं होतं.

आणि घोरणं तुझ्या लग्नाचं नाहीच. उलट आपण लहान असताना दुपारी बाबा घोरायला लागला की तूच जाऊन त्याला कुशीवर ढकलायचीस आणि पाठीला उशी लावायचीस, अभ्यास होत नाही बोलून. मी हे बाईंना सांगितलं. त्या बोलल्या, कुशीवर झोपल्याने काही जणांचा श्वास कमी अडतो. मग बोलल्या, पण यावरून मुलगी गेली म्हणून आजार वाढला असं परत सुरू करू नका. त्यांना आपलं घर दोन भेटींत कळलं.

एक खरं सांगतो, नाहीतर तूही माझ्यासारखी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाशील. सगळी साखर झोपेची नाही. आजीला साखर होती. बाबाचं पोट, गाळ्याचं भाडं येतं तेव्हापासूनचं बसणं, हळदीतलं मटण, हे सगळं आहेच. बाई बोलल्या की वजनाने गळा दबतो, गळ्याने झोप मोडते, मोडक्या झोपेने भूक आणि साखर वाढते, साखरेने परत वजन. कुठून सुरू झालं ते आता सांगता येत नाही. पण त्या यादीत तू कुठेच नाहीस. मी मुद्दाम विचारलं. लेकीचा धक्का बसून असं होतं का? त्या बोलल्या, काळजीने साखर थोडी वरखाली होते, पण गळा मिटत नाही. मी हे वाक्य घरी येईपर्यंत रिक्षात मनात घोकत आलो, तुला जसंच्या तसं लिहिता यावं म्हणून.

उपाय म्हणजे एक यंत्र. नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवेचा दाब येतो, गळा उघडा राहतो. ते आलं आणि खोक्यासकट कपाटावर गेलं. बाबा हात लावीना. नाकात नळी म्हणजे शेवटचं, असं तो बोलायचा, त्याच्या बापाला तशा नळीतच नेलं होतं. आई रडली, रंजितावहिनी येऊन रागावून गेली, मी मास्क स्वतःच्या तोंडाला लावून दाखवला. हत्तीसारखा दिसतो त्यात माणूस, ते बघून भाविक इतका हसला की आईने त्याला हाकललं. बाबा ढिम्म. आणि अंगठ्याचा काळा भाग रोज जरा जरा पुढे सरकत होता.

मला आधी वाटलं घाबरतोय. मग एका दुपारी कळलं. मी त्याच्या पायाचं ड्रेसिंग करत होतो, खाली मान घालून. माझा हात बरा आहे त्यात, भुजला एका उंटवाल्याच्या उंटाची जखम मी महिनाभर धुतली होती, पण ते असू दे. बाबा झोपाळ्यावर होता. तो बोलला, "साखर तिची नव्हती, मग मी राग कुनाचा धरला इतकी वर्षं?"

मी पट्टी गुंडाळत राहिलो. पण त्या खोक्याला तो हात का लावत नाही ते मला तेव्हा समजलं. मास्क लावला आणि साखर उतरली, तर पोरीवरचा राग खोटा ठरतो. अंगठा गेला तरी चालेल पण राग खरा राहू दे, असं काहीतरी त्याच्या आत चाललं होतं. माणूस असंही करतो, ताई. मी पुष्कळ गावं फिरलो, पण हे मला घरात बसून दिसलं.

आणखी एक. बाई बोलल्या की झोप मोडलेला माणूस चिडका होतो. आई आता त्यावरच बसलीय, बिचारा झोपेविना बोलून गेला म्हणते. तू तसं मानू नकोस. तो तुला जे बोलला ते भर सकाळी, चहा पिऊन, पूर्ण जागेपणी बोलला. ते त्याचं त्यालाच उचलायचंय. मी त्याची वकिली करायला हे लिहीत नाही.

त्या बोलण्यानंतरच्या शुक्रवारी जेवण झालं आणि तो बोलला, काढ ते खोकं. मी स्टुलावर चढून काढलं. मास्कचे पट्टे वहिनीने शिकवले तसे बांधले. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले, इंजेक्शन घेताना पोरं मिटतात तसे. यंत्राचा बारीक सूं आवाज सुरू झाला आणि मी दाराबाहेर येऊन बसलो. लूम बंद, घोरणं बंद. आपल्या घरात इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. आई स्वयंपाकघरातून तीनतीनदा येऊन बघून गेली. शेवटी तिला राहवेना, आत जाऊन तिने त्याच्या छातीवर तळहात ठेवला. छाती वर जात होती, खाली येत होती, न अडखळता. ती तशीच हात ठेवून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा मला बोलली, "असा झोपलेला मी त्याला कधीच बघितला न्हाय रे." लग्नाला किती वर्षं झाली तिच्या, तू हिशेब कर.

तेव्हापासून तो लावतो. कधी झोपेत ओढून काढतो, परत लावावा लागतो. चमत्कार काही झालेला नाही. साखर थोडी उतरलीय, पण औषधही बदललंय, त्यामुळे कशाने उतरली ते बाई छातीठोकपणे सांगत नाहीत. फ्रिजची साखळी निघाली. बाबा सकाळी घाटाकडे चालत जाऊन येतो, जखमेचा बूट घालून, लंगडत. पण अंगठा वाचत नाही. उशीर झाला होता. काळा भाग काढावाच लागणार, म्हणजे बाकीचा पाय वाचेल. हे त्याला सांगितलं तेव्हा तो बोलला, बरं. एवढंच.

तर आता हे पत्र का. ऑपरेशन येत्या बुधवारी ठाण्याला आहे, रंजितावहिनीच्या दवाखान्यात. भूल देणारे डॉक्टर बोलले की अशा माणसाला भुलीनंतर जास्त जपावं लागतं, यंत्र सोबत आणा आणि उशाशी असं माणूस ठेवा जे मास्क निघाला की लगेच लावेल. आईला त्या नळीला हात लावायची भीती वाटते. मी कुठेही बसल्या बसल्या झोपतो, हे त्यांनाही वहिनीने सांगून टाकलं. काल जेवताना यावरच बोलणं चाललं होतं, गुणाआत्या सुचवत होती, हा राहील, ती राहील. बाबा ताटातल्या निवट्या माशाचा काटा काढत होता. मान वर न करता बोलला, "उन्नतीला जमंल काय इचार." आपण सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. म्हणजे आम्ही, तू तिथे नव्हतीस, पण मला लिहिताना तसं वाटलं. तू गेल्यापासून त्याच्या तोंडून तुझं नाव आम्ही ऐकलं नव्हतं. पाणी पिऊन झाल्यावर बोलला, "भूपेशला सुट्टी भेटत असेल तर तो पन." माफी मागितली नाही त्याने, ते मी खोटं लिहिणार नाही. तू यावंस की न यावंस तेही मी सांगत नाही, तुला नाही यायचं तर मी जागा राहायला शिकेन. फक्त, आलीस तर साखरेचं ओझं घेऊन येऊ नकोस, ते तुझं नव्हतं. आणि उत्तर मला देऊ नकोस. त्याच्याच फोनवर कर. दुपारी केलास तरी चालेल, हल्ली दुपारी तो जागा असतो.

तुझाच,
अजून घरीच असलेला
देवेश